मदत हवी आहे: एकाच मेथडमुळे एलकॉमचा आकडा फिरतोय

जावामधला एक जुना ऑर्डर क्लास फोडावा की नाही यावर टीममध्ये वाद चाललाय, म्हणून कोहेजन (क्लासमधल्या मेथड एकमेकींशी किती जोडलेल्या आहेत ते) मोजायला घेतलं. एलकॉम हे कोहेजनचा अभाव मोजणारं मेट्रिक. आकड्यांनी गोंधळ उलट वाढवलाय.

तपासणीची एक मेथड सोडली तर 8 पब्लिक मेथड आहेत. त्यातल्या 5 रकमेचं फील्ड वापरतात, 3 पत्त्याचं. सामाईक फक्त लॉगर (नोंदी लिहिण्याचं फील्ड), तो आठही जणी वापरतात. लॉगर धरला तर चिदंबर-केमेरर यांचा 1994 चा एलकॉम (सामाईक फील्ड नसलेल्या मेथडच्या जोड्या वजा सामाईक फील्ड असलेल्या, ऋण आलं तर 0) येतो 0 आणि एलकॉम4 (सामाईक फील्डने जोडलेल्या मेथडचे किती सुटे गट पडतात तो आकडा) येतो 1, म्हणजे क्लास अगदी आदर्श! लॉगर वगळला की न जुळणाऱ्या जोड्या 15, जुळणाऱ्या 13. एलकॉम 2, एलकॉम4 पण 2. हे पटतं. कन्स्ट्रक्टर आधीच वगळलाय (तो सगळ्याच फील्डना हात लावतो). गेटर-सेटर नाहीत, इनहेरिटन्स नाही, मेथड एकमेकींना कॉल करत नाहीत.

घोडं अडलंय ते तपासणीच्या त्या नवव्या मेथडपाशी. ती रक्कम आणि पत्ता दोन्ही वाचते, त्यामुळे ती धरली की एलकॉम4 परत 1. टीसीसीही (एकूण जोड्यांपैकी जुळणाऱ्या जोड्यांचं प्रमाण) काढला, लॉगर वगळूनच: तिच्याशिवाय 13/28 म्हणजे 0.46, तिच्यासकट 21/36 म्हणजे 0.58. यातून फोडायचा की ठेवायचा, काहीच ठरत नाही.

क्लासच्या पब्लिक मेथड बदलता येणार नाहीत. ‘फोडून बघ’ हे उत्तर नको, मोजमापाचंच विचारतोय: दोन गटांना जोडणारी अशी एकच मेथड असेल तर ती काढून एलकॉम4 मोजणं योग्य धरतात का, की अशा वेळी तुम्ही दुसरं एखादं मेट्रिक वापरता?