वूलवर्थ बिल्डिंगचं गॉथिक खरं की नुसता वेश?

घोडबंदरवाला
नमस्कार मंडळी. मुलगी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि चार दिवस आमच्या घरात न्यूयॉर्कच्या वूलवर्थ बिल्डिंगवरून जुंपलीये. १९१३ सालची, ७९२ फूट, १९३० पर्यंत जगातली सगळ्यात उंच, आर्किटेक्ट कॅस गिल्बर्ट. मला ती फोटोत बघताक्षणी आवडली, ते निमुळतं हिरवं छप्पर, टोकदार कमानी, म्हणजे जुन्या युरोपी चर्चची गॉथिक शैली, ऑफिसं आहेत असं वाटतच नाही. लेक म्हणते बाबा हे खोटं आहे, आत स्टीलचा सांगाडा आणि वरून चर्चचा अंगरखा, आपण राहतो त्या टॉवरला रोमन खांब लावलेत तसंच. हे मला लागलं, कारण जुलैच्या पावसात आमच्या कॉर्निसचा (भिंतीच्या वरच्या कडेला बाहेर आलेल्या नक्षीच्या पट्टीचा) तुकडा पोडियमवर पडला, नशीब खाली कोणी पोरं नव्हती, उचलून बघतो तर वर पाव इंच प्लास्टर आणि आत पांढरा थर्माकोल, मी हाताने दोन तुकडे केले त्याचे. मग वूलवर्थ आणि आमचा टॉवर एकाच माळेचे मणी का? जाणकारांनी सांगा, घरात शांतता हवीये.

कळव्याचे काका
मी तीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाईन केलं. लेकीचं अर्धं बरोबर आहे. जुन्या दगडी गॉथिकमध्ये कमान भार पेलते, बाहेरून आधार देतात तो भिंत ढकलली जाऊ नये म्हणून. वूलवर्थमध्ये सगळा भार स्टीलवर, खाली कॅसन, म्हणजे पायाचे खोल खांब, पार खडकापर्यंत नेलेत, बाहेरची कातडी फक्त स्वतःला सांभाळते. पण एवढ्या उंचीला वारा हाच खरा शत्रू आणि त्यासाठी इंजिनिअर गुनवाल्ड ऑस यांनी टॉवरच्या सांगाड्यात खांब-तुळईच्या सांध्याला पोर्टल ब्रेसिंग, म्हणजे कमानीच्या आकाराचा ताठ आधार, दिलं, म्हणजे कमानी आतही आहेत, फक्त स्टीलच्या आणि झाकलेल्या.

दुसरं म्हणजे गॉथिकच का. रोमन खांबाला खाली बैठक, मधे दांडा, वर मुकुट, आता पन्नास मजल्यांवर ओढायचं काय? गॉथिकच्या रेषा मुळातच वर धावतात. गिल्बर्टने बाहेरच्या उभ्या पट्ट्या आतल्या कॉलमच्या ओळीने घेतल्या आणि न तोडता वर नेल्या, त्यामुळे सांगाडा झाकला तरी दिसतोच. आणि चर्च म्हणू नका हो, त्याच्या डोळ्यासमोर बेल्जियमकडचे टाऊन हॉल होते, मालक वूलवर्थला लंडनच्या पार्लमेंटचा व्हिक्टोरिया टॉवर आवडलेला. 'व्यापाराचं कॅथेड्रल' हे नाव एका पाद्रीबुवांनी दिलं ते चिकटलं. मुलीला खरंच वेश दाखवायचा असेल तर शिकागोचा ट्रिब्यून टॉवर दाखवा, १९२५ चा, त्याच्या माथ्यावर आधारकमानींचा गोल आहे आणि त्या कमानी कशालाच आधार देत नाहीत. सुंदर आहे, पण तिथे मी तिच्या बाजूने.

वाशी_फसाड
माझा धंदा बाहेरच्या भिंतींच्या दुरुस्तीचा, झुल्यावर उभं राहून हातोडी वाजवत जायची, बद्द आवाज आला की समजायचं आत पोकळ. वूलवर्थची कातडी टेराकोटाची, भाजलेल्या मातीचे क्रीम रंगाचे ग्लेझ केलेले ठोकळे, खोबणीत मागे निळा हिरवा पिवळसर रंग, कारण खालून बघणाऱ्याला सावली गडद दिसावी. जसजसं वर जाल तसतशी नक्षी मोठी केलीये, रस्त्यावरून डोळ्याला कळावी म्हणून. एवढा विचार करणाऱ्याला मी तरी खोटा म्हणणार नाही.

पण चूक तिथेही झाली. ठोकळे घट्ट बसवले, हलायला जागा ठेवली नाही. ऊनथंडीने इमारत हलते, सांधे उघडतात, पाणी आत शिरतं, लोखंडी पकडी गंजतात आणि गंज फुगून ठोकळाच फोडतो. १९७७ ते १९८१ च्या दुरुस्तीत सुमारे २६,००० ठोकळे काढून काँक्रीटचे बसवले. साठ वर्षांनी तिथे जे झालं ते तुमच्याकडे इतक्यातच झालं, कारण तुमच्याकडे पकड पण नव्हती, नुसतं चिकटवलेलं.

पाचपाखाडीची ताई
दादा, लेकीला घेऊन सीएसएमटीला उतरा आणि शेजारचं जीपीओ, म्हणजे मुंबईचं मुख्य पोस्ट ऑफिस, बघा. तेही १९१३ मध्येच पूर्ण झालं, जॉन बेग यांचं डिझाईन, घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला, काळा बेसाल्ट, पिवळा कुर्ला दगड, पांढरा ध्रांगध्राचा. उसनी नक्षी तिथेही आहे, पण भिंतींना हात लावून बघायला सांगा. आमच्या सरांनी आम्हाला तेच करायला लावलं होतं, मी त्या दिवशी अर्धा तास नुसती दगडाचे सांधे बघत उभी होते, पुस्तकातलं सगळं तिथे कळलं.

घोडबंदरवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं उत्तर लेकीने दोनदा वाचलं, आतल्या स्टीलच्या कमानींवर गप्प झाली, मग म्हणाली ट्रिब्यूनवर मी बरोबर होते ना. रविवारी सकाळच्या स्लो लोकलने जातोय. वाशीवाले दादा, कॉर्निस परत करून घ्यायची म्हटली तर कशी?

वाशी_फसाड
आधी उरलेली सगळी उतरवा, सोसायटी कितीही म्हणाली की बाकीची चांगली आहे तरी. नवी करताना स्टेनलेसच्या पकडी, ठरावीक अंतरावर सांधा मोकळा ठेवून त्यात सीलंट, वरचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता आणि खालच्या काठाला पाणी तोडायची खाच. ती खाच नसेल तर पाणी वळून भिंतीलाच लागतं. काम चालू असताना स्वतः एकदा झुल्यावर चढून बघा.