मदत हवी आहे: आत्याचा बीआरसीए-१ दोष, ओलापरिबच्या गोळ्या आणि वडिलांची तपासणी

नमस्कार. मी उदगीरचा. आत्याला अंडाशयाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन, केमो झालं. रक्ततपासणीत बीआरसीए-१ जनुकात जन्मजात दोष निघाला, म्हणून आता ओलापरिब (पार्प नावाचं प्रथिन अडवणारी कॅन्सरची गोळी) सुरू आहे.

मला समजलं ते असं. पेशीतल्या डीएनएला रोज हजारो इजा होतात आणि पेशी त्या स्वतःच भरून काढते. (या दुरुस्तीवरच्या संशोधनाला २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय.) डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक तुटला तर हे पार्प कामाला लागतं, दोन्ही तुटले तर बीआरसीए-१ जनुकाचं प्रथिन लागतं. इजा भरूनच येत नसेल तर पी-५३ नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर तिला मरायला लावतं. कायमच्या थांबलेल्या पेशी वयाबरोबर साचतात आणि आजूबाजूला सूज वाढवणारी रसायनं सोडतात. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. आत्याच्या गाठीत बीआरसीए-१ची दुसरी प्रतही गेलेली, म्हणून गोळीनं पार्प अडवलं की त्या पेशी मरतात. बाकी शरीरात एक चांगली प्रत आहे, त्यावर निभतं. हे कळलं तेव्हा फार धीर आला.

पण गोळ्यांनी हिमोग्लोबिन उतरतंय, मध्ये डोस थांबवावा लागला. आत्या साठी ओलांडलेली. एकाच प्रतीवर चालणाऱ्या तिच्या निरोगी पेशी, विशेषतः रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेतल्या, लवकर म्हाताऱ्या होतात का? दर महिन्याला सीबीसी (रक्तपेशी मोजायची तपासणी) सांगतात ते यासाठीच का?

दुसरा प्रश्न घरचा. वडील आत्याचे सख्खे भाऊ. त्यांच्यात हा दोष असण्याची शक्यता ५० टक्के, आणि असला तर बहिणीत न माझ्यात प्रत्येकी पुन्हा तेवढीच. वडील म्हणतात, "ही बायकांची बिमारी, मला कशाला टोचता?" बहीण परभणीला दिलेली, तिच्या सासरी हा विषय काढायचा कसा, याचा आईला घोर लागलाय. माझ्या मते आधी वडिलांचीच तपासणी व्हावी. त्यांच्यात दोष नसेल तर आत्याकडचा हा दोष आम्हा भावंडांत यायचं कारणच नाही, आणि बहिणीच्या सासरी काही बोलावंही लागणार नाही.

लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरात जनुकीय समुपदेशन कुठं मिळेल? आत्याचा रिपोर्ट दाखवून फक्त तेवढाच दोष तपासायला किती खर्च येतो? आणि कुणी घरच्या मोठ्या माणसाला अशा तपासणीला राजी केलं असेल तर काय बोललात ते जरूर लिहा. पुढच्या आठवड्यात आत्याला दाखवायला संभाजीनगरला जातोय, वडील सोबत आहेत. तेव्हाच रक्त दिलं गेलं तर बरं होईल.