४के चित्रीकरण टाइमलाइनवर अडखळते आणि कॅशने डिस्क भरते

प्रश्न:
नमस्कार. लग्नाच्या चित्रीकरणाच्या ४के, १०-बिट, ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारे स्वरूप) एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करणारी पद्धत) फाइली संपादन सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर (क्लिप क्रमाने मांडायच्या पट्टीवर) अडखळत चालतात. रेंडर कॅश (आधीच तयार करून डिस्कवर साठवलेल्या फ्रेम) चालू केल्यास सी ड्राइव्ह भरतो. संगणकात ३२ जीबी रॅम असून ग्राफिक्स कार्ड काही वर्षांपूर्वीचे आहे. ते बदलावे लागेल का?

उत्तर १:
घाई करू नये. एचईव्हीसीमध्ये बहुतेक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेल्या नसतात. मधली एखादी फ्रेम दाखवायची, तर तिच्या आधीच्या आणि अनेकदा पुढच्याही फ्रेम उलगडाव्या लागतात. त्यातच एनव्हिडियाच्या ५० मालिकेपूर्वीच्या कार्डांत ४:२:२ स्वरूपाचे हार्डवेअर डिकोडिंग (फाइल उलगडण्याचे काम कार्डानेच करणे) नसल्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलच्या ११व्या पिढीच्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये मात्र ती सोय आहे, म्हणून आपला प्रोसेसर कोणता, हे आधी पाहावे. तशी सोय नसल्यास प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या संपादनाला सोप्या स्वरूपांत १०८०पी आकाराच्या प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रती) तयार कराव्यात आणि अंतिम निर्यात मूळ फाइलींवरूनच करावी.

उत्तर २:
कॅशबद्दल थोडे. तिचा फोल्डर सेटिंगमधून वेगळ्या एसएसडीवर न्यावा. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर ठेवल्यास कॅशच अडसर ठरते. क्लिपवरील इफेक्ट बदलला की तिची रेंडर कॅश बाद होते, त्यामुळे रंगसंस्कार पक्का होण्याआधी सगळी टाइमलाइन कॅश करणे, माझ्या मते, व्यर्थ आहे. संपलेल्या प्रकल्पांची कॅश सॉफ्टवेअरमधूनच पुसावी; गरज पडल्यास ती पुन्हा तयार होते.

उत्तर ३:
पाहुण्यांनी मोबाइलवर टिपलेल्या क्लिप असतील, तर त्यांचा फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) बदलता असू शकतो. त्या हँडब्रेक या रूपांतर सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून मगच घ्याव्यात.