शब्दचर्चा : देश संघातून ‘बाहेर पडतो’, ‘फुटतो’ की ‘फारकत घेतो’?

नेरूळकर
बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. युरोपीय संघावर लिहायला दिलं होतं. ब्रिटन गेला, या एका घटनेला मुलांनी बाहेर पडणे, फुटणे, विभाजन, काडीमोड, फारकत, एक्झिट असे सगळे शब्द वापरले आहेत. एका मुलीने तर ‘ब्रिटन युरोपातून वेगळा झाला’ असं लिहिलंय. नेमका शब्द कोणता धरू? आणि ‘रेफरेंडम’ला सार्वमत म्हणायचं की जनमत?

चरईची वाचक, ठाणे
सर, ‘विभाजन’ आधी बाद करा. विभाजनात मूळ गोष्टच दुभंगते. १ ऑगस्ट २०१४ ला आपल्या ठाणे जिल्ह्याचं झालं आणि पालघर वेगळा निघाला, ते विभाजन. इथे अठ्ठावीस सभासदांपैकी एक गेला, संघ सत्तावीस देशांचा राहिला. त्या मुलीला खंड आणि संघ यांतला फरक समजावून सांगा, पण गुण कापू नका. वर्तमानपत्रांचे मथळेही तिच्यासारखेच असतात.

‘काडीमोड’ मला मनापासून खटकतो. काडी मोडली की नातं त्याच घटकेला तुटलं. ब्रिटनचं तसं झालंच नाही. मतदान २३ जून २०१६ ला, संघाच्या करारातल्या बाहेर पडण्याच्या कलम ५० ची नोटीस २९ मार्च २०१७ ला, सदस्यत्व संपलं ३१ जानेवारी २०२० ला आणि संक्रमणकाळ त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला. राजकारण ढवळून निघालं ते याच मधल्या काळात. पंतप्रधान कॅमेरन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे यांनी २०१७ मध्ये मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि हातचं बहुमत घालवलं. जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान जॉन्सन यांनी संसद संस्थगित केली, ती सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. ‘काडीमोड’ म्हटलं की हे सगळं मुलांच्या नजरेआड होतं.

‘फारकत’ मात्र ठेवा. तिचं जुनं रूप ‘फारखत’. खत म्हणजे कागद. हक्क सोडल्याचा, देणंघेणं मिटल्याचा लेख. कर्ज फिटलं की सावकार फारखत लिहून देई. ब्रिटनने संघाशी केलेल्या करारात देय रकमा होत्या, एकमेकांच्या हद्दीत राहणाऱ्या नागरिकांचे हक्क होते, संघात राहिलेला आयर्लंड आणि ब्रिटनमधला उत्तर आयर्लंड यांच्यामधल्या सीमेचा प्रश्न होता. शब्दशः फारखतच.

ऐरोली
कर्ता कोण, तेही बघा. दहिसर मोरीकडची १४ गावं नवी मुंबई महापालिकेत होती. गावकऱ्यांनी लढा दिला, २००७ मध्ये ती बाहेर गेली आणि पुढे पुन्हा महापालिकेत घ्यायचं ठरलं. मागणी गावांची असली तरी सरकारी भाषेत गावं ‘वगळली’ जातात, कारण अधिकार शासनाचा. युरोपीय संघात याच्या उलट. सभासदाला हाकलायची तरतूदच नाही. जायचं तर त्याने स्वतः कळवायचं. म्हणून ‘ब्रिटनला वगळलं’ असं कुणी लिहिलं असेल तर ते चूक धरा.

कोपरखैरणे (माहेर सावंतवाडी)
सर, जनमत म्हणजे लोकांचं मत, ते रोजच असतं. रीतसर मतदान झालं की ‘सार्वमत’. पण गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान झालं, त्याला आमच्याकडे अजून ‘जनमत कौल’ म्हणतात. मला ‘कौल’ फार नेमका वाटतो. गुरव देवाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यामुळे प्रश्नही हो-नाहीतच बसेल असा घालावा लागतो. २०१६ ला राहायचं की जायचं एवढंच विचारलं आणि ५१.९ टक्क्यांनी ‘जायचं’ सांगितलं. संघाच्या एकसंध बाजारपेठेत राहायचं का, आयर्लंडच्या सीमेचं काय, हे कौलात नव्हतंच. पुढची भांडणं सगळी त्यावरून झाली. त्यात हा कौल कायद्याने बंधनकारकही नव्हता. संसदेने कायदा केल्याशिवाय नोटीस देता येणार नाही, असं न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये सांगितलं. तरीही बहुतेक खासदारांची कौलाविरुद्ध जायची छाती झाली नाही.

चरईची वाचक, ठाणे
कौल आवडला, ताई.

सर, आणखी एक. स्कॉटलंडवर लिहिताना मुलं ‘फुटीरतावादी’ लिहितील, तो शब्द काढायला लावा. मराठी बातम्यांत त्याला बंदुकीचा वास आहे. तिथले लोक मतपेटीतून मागणी करतात, त्यांना ‘स्वातंत्र्यवादी’ म्हणावं. २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने ५५ टक्के मतांनी ब्रिटनमध्ये राहणं पसंत केलं, आणि २०१६ ला तिथल्याच ६२ टक्के मतदारांनी युरोपीय संघात राहायचं म्हटलं. तरी बाहेर जावं लागलं. दुसरं सार्वमत स्वतःच्या अधिकारात घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं. जी माणसं परत संघात जायचं म्हणतात त्यांना ‘फुटीर’ म्हणणं अन्यायाचं आहे.

उत्तर आयर्लंडला मात्र ‘फारकत’ही पुरत नाही. मालापुरते तिथे संघाचे बरेच नियम अजून चालतात. त्याच्या निषेधात ब्रिटनमध्येच राहण्याची बाजू घेणारा तिथला डीयूपी पक्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रांतिक सरकारमधून बाहेर पडला आणि दोन वर्षं कारभार अडून राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकार पुन्हा आलं तेव्हा प्रथममंत्रिपदी आल्या मिशेल ओनील, आयर्लंडच्या एकीकरणाची बाजू घेणाऱ्या पहिल्याच. तेव्हा परिणाम लिहिताना ‘ब्रिटन’ असा सरसकट शब्द न वापरता प्रांताचं नाव लिहायला सांगा.

नेरूळकर
सगळ्यांचे आभार. परीक्षेत ‘सदस्यत्व सोडणे’ आणि ‘बाहेर पडणे’ हे दोन्ही बरोबर धरतो, ‘फारकत’लाही पूर्ण गुण. माली, बुर्किना फासो आणि नायजर पश्चिम आफ्रिकेच्या ‘इकोवास’ संघटनेतून गेले, तिथेही हेच चालेल?

ऐरोली
बाहेर पडणे चालेल. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं, २९ जानेवारी २०२५ ला बाहेर. पण ‘कौल’ नको. तिन्ही ठिकाणी सत्ता लष्कराची होती, सार्वमत झालंच नाही. ‘जनतेने संघटना सोडली’ असं कुणी लिहिलं तर तिथे गुण जरूर कापा.