अनुभव धागा : एकटी असताना प्रीती कशी करावी?

अविवाहित, विधवा किंवा विभक्त अशा ख्रिस्ती भगिनींसाठी हा धागा उघडत आहे. मंडळीत प्रीतीवर पुष्कळ उपदेश होतात, पण त्यांतली उदाहरणे बहुधा पती-पत्नींची आणि आईवडील-मुलांची असतात. उपासना संपल्यावर एकटीच घरी परतणाऱ्या स्त्रीने त्या उपदेशाचे काय करावे, हे क्वचितच कोणी सांगते. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा प्रीतीविषयीचा तेरावा अध्याय विवाहविधीत वाचला जातो खरा, पण पौलाने तो लिहिला तो गटबाजीने फुटलेल्या एका मंडळीला, आणि लिहिताना त्याला स्वतःलाही पत्नी नव्हती. म्हणून तो अध्याय आपलाही आहे, असे मी ठामपणे मानते. कृपया सल्ले न देता अनुभव लिहावेत. सुरुवात मी करते.

मला रविवारची संध्याकाळ सर्वांत जड जाते. त्या वेळी मी सकाळच्या उपासनेला न आलेल्यांपैकी एखाद्या भगिनीला फोन करते, तिची विचारपूस करते आणि तिची इच्छा असल्यास फोनवरच प्रार्थना करते. यामुळे माझा एकटेपणा दूर होतो, असे मी म्हणणार नाही. कधी होतो, पुष्कळदा होत नाही. परंतु तो दूर व्हावा म्हणून फोन करायचा, असे ठरवले असते तर ती भगिनी माझ्यासाठी केवळ एक औषध ठरली असती. देवाने आधी आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण प्रीती करतो, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. माझ्याजवळ जे आहे ते त्याने आधीच दिलेले आहे, एवढ्या भरवशावर मी फोन उचलते.

एक परिचारिका, विधवा

पतीच्या निधनानंतर लोक मला सतत धीर धरायला सांगत असत, आणि मीही हसतमुखाने सेवा करत राहिले. पुढे रूथचे पुस्तक वाचताना पती आणि मुलगे गमावलेल्या नामीपाशी थांबले. सर्वसमर्थाने माझे जीवन कडू केले आहे, मला नामी नव्हे तर मारा (म्हणजे कडू) म्हणा, असे ती गावातल्या बायकांना उघडपणे सांगते, आणि शास्त्र तिला त्याबद्दल दोष देत नाही. तेव्हापासून कामावर जाण्यापूर्वी मी पंचविसावे स्तोत्र माझ्या शब्दांत म्हणते : प्रभो, मी एकाकी आहे, माझ्याकडे वळ. देवाजवळ रडून घेतल्यावर रुग्णाजवळ बसताना मला त्याच्याकडून सांत्वनाची अपेक्षा उरत नाही, आणि त्याचे बोलणे मी पूर्ण ऐकू शकते.

अविवाहित, वय पस्तिशीच्या पुढे

रडणाऱ्यांबरोबर रडणे मला नेहमीच जमले. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातील आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, ही आज्ञा मात्र फार कठीण गेली. जिवलग मैत्रिणीला बाळ झाले तेव्हा मी रोज तिचे आणि बाळाचे नाव घेऊन प्रार्थना करू लागले. मत्सर हळूहळूच ओसरला. त्या काळात तिला रात्रीची झोप मिळत नव्हती, म्हणून मी दुपारी जाऊन बाळाला सांभाळत असे. एका दुपारी झोपण्याऐवजी ती माझ्याशी बोलत बसली आणि दिवसभर मोठ्या माणसाचा शब्द कानी पडत नसल्याचे तिने सांगितले. तीही एकटी असेल, हे माझ्या मनात आले नव्हते.

शिक्षिका

मला थोडे वेगळे मांडायचे आहे. संसार नाही म्हणजे वेळच वेळ, असे गृहीत धरून मंडळीतले प्रत्येक काम अविवाहित स्त्रीकडे येते, आणि एकटे वाटू नये म्हणून आपणही ते स्वीकारत जातो. मार्काच्या पहिल्याच अध्यायात सर्व लोक शोधत असताना येशू पहाटे एकांती प्रार्थना करतो आणि परत न फिरता दुसऱ्या गावी जातो. हे वाचून मी दोन जबाबदाऱ्या पाळकांना सांगून सोडल्या व मुलांचा वर्ग तेवढा ठेवला. आता त्या मुलांवर मी मनापासून प्रीती करते. पूर्वी केवळ हजेरी घेऊन वर्ग उरकत असे. नकार देणे हेही प्रीतीचेच अंग आहे, या माझ्या मताशी सर्व जणी सहमत होतील असे नाही.

निवृत्त, कधीही विवाह न केलेली

लूकने उल्लेखिलेली, मंदिरात रात्रंदिवस प्रार्थना करणारी वृद्ध विधवा संदेष्ट्री हन्ना माझा आधार आहे. मी प्रार्थनेची वही ठेवते आणि ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांना पत्राने कळवते.

शस्त्रक्रियेतून सावरत असलेली एक भगिनी

वरील सर्व अनुभव देण्याविषयीचे आहेत. मला घेणे शिकावे लागले. कोणावर भार होऊ नये, या विचाराने रुग्णालयातही एकटीच जाण्याचे मी ठरवले होते; पण गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्या शिष्यांना, येथे थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, अशी विनंती केली होती, हे मला आठवले. ज्याने पित्यावर पूर्ण भरवसा ठेवला त्यालाही सोबत मागावीशी वाटली, तर माझे मागणे हा अविश्वास कसा ठरेल? मी प्रार्थनागटातील दोघींना विचारले. एक शस्त्रक्रियेच्या वेळी थांबली आणि दुसरी रात्री राहिली. ती रात्री राहिलेली भगिनी विभक्त आहे, आणि कोणीतरी आपल्याला हक्काने बोलावले हे फार वर्षांनी घडले, असे तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितले. पुढच्या महिन्यात तिच्या डोळ्यांची तपासणी आहे. तिच्यासोबत मी जाणार आहे.