मदत हवी आहे: प्रकाश इतका वेगवान, मग पट्टी कानानं आधी का पकडली जाते?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. नववीच्या मुलींनी प्रदर्शनासाठी ‘वेग’ हा विषय घेतलाय. तक्ते मराठी-कन्नड दोन्हीत तयार आहेत, परीक्षक कोण येतील सांगता येत नाही. घोडं अडलंय प्रयोगापाशी.

एकीनं ३० सेंमीची पट्टी उभी धरून सोडायची, दुसरीनं शून्याजवळ बोटं उघडी ठेवून पकडायची. जितकी घसरली ते अंतर मीटरमध्ये घेऊन दुप्पट करायचं, ९.८ नं भागायचं, वर्गमूळ काढलं की वेळ सेकंदात. बघून पकडताना बहुतेकींची २४ सेंमीच्या आसपास येते, म्हणजे ०.२२ सेकंद. डोळे बांधून, सोडणारीच्या “हां”वर पकडली तर १६ सेंमी, म्हणजे ०.१८. लगेच एकीचा प्रश्न: “टीचर, प्रकाश आवाजापेक्षा आठ-नऊ लाख पट फास्ट हाय म्हणतासा, मग डोळं मागं कसं राहिलं?”

पुस्तकात याचं उत्तर नाही. शिवाय एका मुलीनं ४ सेंमीवर पकडली, ती नोंद ठेवू का? आणि उपाय असा सुचवा की करंट गेला तरी चालेल. पावसात आमच्याकडं त्याचा नेम नसतो.

प्रतिसाद १
एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर रिॲक्शन टाइमची ॲप्स ढिगानं आहेत. ब्लूटूथ स्पीकर जोडा, झालं.

प्रतिसाद २
ब्लूटूथ नकोच. त्यात आवाज शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज मागे पडतो आणि तुम्ही शोधताय तो फरक आहे चाळीसचा.

मॅडम, मुलीचा प्रश्न फक्कड आहे. वर्गातल्या अंतराला प्रकाशाचा वेग जमेस धरण्यासारखा उरतच नाही. ३ मीटरला प्रकाशाला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो, आवाजाला ९ मिलिसेकंद. खरा वेळ जातो तो डोळ्याच्या आत. दृष्टिपटलावर प्रकाश पडला की आधी रंगद्रव्याचा रेणू बदलतो, मग एकामागून एक रासायनिक क्रिया होतात, तेव्हा कुठे विद्युत संदेश तयार होतो. कानात एवढी साखळी नाही. आवाजानं केसपेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि त्या ओढीनंच आयनांची (विद्युतभार असलेल्या कणांची) दारं उघडतात. म्हणून आवाजाचा संदेश मेंदूच्या बाह्यपटलापर्यंत ८-१० मिलिसेकंदांत पोचतो, दृश्याला २० ते ४० लागतात.

पुढचा रस्ता दोघांनाही सारखाच. मज्जातंतूतला वेग मोजता येतो हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८५० मध्ये बेडकाच्या तंतूवर दाखवलं, सेकंदाला साधारण २७ मीटर. आपले जाड, वेष्टनवाले तंतू १०० च्या वर जातात, मंद कळ नेणारे जेमतेम १-२ मीटर. पायाला ठेच लागली की धक्का आधी कळतो आणि ठणका मागून येतो, तो याच्यामुळेच. हे तक्त्यावर घ्या, परीक्षक थांबून वाचतील.

आता मांडणी. “हां” म्हणणारीचं तोंड आणि बोटं एकाच क्षणी हलतात असं नाही. आवाज जरा जरी आधी निघाला तरी कानाला फुकटची आघाडी. तुमच्या चाळीसातले काही तिथलेही असतील. ९ व्होल्टची बॅटरी, एक बटण, एलईडी आणि बझर घ्या, दोन्ही त्याच बटणावर, मध्ये एक स्विच, म्हणजे एका वेळी दिवा किंवा आवाज एकच निवडता येईल. करंट गेला तरी अडत नाही. वेळ मोजायला जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड, मागून बघा.

४ सेंमी म्हणजे ०.०९ सेकंद. तो अंदाज आहे, पकड नव्हे. धावण्याच्या शर्यतीतही ०.१ सेकंदाच्या आत निघालेला फाऊल धरतात. नोंद खोडू नका, वेगळ्या रकान्यात ठेवा. आणि बटण दाबताना मध्ये मुद्दाम कमी-जास्त वेळ जाऊ द्या, नाहीतर मुली तालावर पकडायला लागतात.

धागाकर्ती
बझर उद्याच आणते. पण त्या पोरीनं आता नवीनच काढलंय, “लांब उभं राहिलं तर डोळं जिंकंल की!” खरंच जिंकेल का?

प्रतिसाद २
जिंकेल. १४ मीटरवर आवाजाला यायलाच ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे तिथं साधारण बरोबरी. त्यापुढे डोळा पुढे. तुमच्या मैदानावर ३० मीटर मोजून घ्या. बझर मात्र मोठ्या आवाजाचा हवा आणि एलईडी भर उन्हात दिसणार नाही, तेव्हा सकाळी शाळा भरायच्या आधी करा.