मॉन्स्टेराच्या कुंडीत काळी माती चालेल का?

प्रश्न: कोल्हापुरात घरात ठेवायचा मॉन्स्टेरा, 8 इंची कुंडी. शेतातली काळी माती आणि शेणखत निम्मं-निम्मं घातलंय. खालची पानं पिवळी पडतायत. काय बदलू?

उत्तर १: काळी माती आधी काढा. भिजली की फुगते, मुळांना हवा मिळत नाही, मग ती कुजतात. मापाला एक वाटी धरा: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 2, झाडाच्या सालीचे तुकडे 2, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) 1, गांडूळखत 1. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा पिळा, नाहीतर त्यातलं मीठ पानांच्या कडा जाळतं. काळी, मऊ मुळं कापूनच लावा.

उत्तर २: परलाइट नसेल तर विटांचा चुरा चालतो, पण चाळून, भुकटी कुंडीत गेली तर पुन्हा चिखलच.

प्रश्नकर्ता: गुऱ्हाळावरचं चिपाड घालू का? फुकट मिळतं.

उत्तर १: कच्चं नको. कुजताना ते नत्र ओढून घेतं, झाड आणखी पिवळं पडेल. आणि जुलै-ऑगस्टात बोट दोन इंच खुपसून कोरडं लागल्याशिवाय पाणी घालू नका, माती कितीही चांगली असली तरी.